स्वस्त आरएफ बटणं, सेन्सर आणि रिमोट होम असिस्टंटला जोडताना

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं आहे. खालच्या मजल्याच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाडीच्या. राउटर वर, आणि आईची खोली खाली, अगदी मागच्या अंगाला. रात्री तिला हाक मारायची सोय हवी म्हणून मी आधी वायफायवर चालणारं बटण आणलं. खाली सिग्नल कधी यायचा, कधी नाही, आणि बॅटरी पंधरा दिवसांत संपायची. शेवटी कामाला आलं ते दारावरच्या वायरलेस बेलचं साधं बटण. बारा व्होल्टची बोटाच्या पेराएवढी बॅटरी, आत एक छोटीशी चिप, बस्स. आता ते आईच्या उशाशी असतं. तिनं दाबलं की माझ्या खोलीतला दिवा लागतो आणि फोन वाजतो. हे घडवून आणतो तो होम असिस्टंट हा हब, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र चालवणारी संगणकप्रणाली.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मी दाबलेलं तुला कळतंय काय नक्की? ह्येच्यावर तर काहीच दिसंना."

तिनं बरोबर तेच हेरलं होतं. ही स्वस्त उपकरणं फक्त बोलतात, ऐकत नाहीत. आपला आकडा हवेत सोडतात आणि गप्प होतात. तो कुणाला पोचला की नाही, हे त्यांना कधीच कळत नाही. पुढे जे काही सांगणार आहे, त्यातली निम्मी काळजी याच एका गोष्टीपायी आहे. काय घडलं ते सांगायला आरएफ, म्हणजे हा साध्या रेडिओ लहरींवरचा निरोप, फार उत्तम. एखादं काम करवून घ्यायला मात्र बेताचंच.

हातात काय आहे ते आधी ओळखा

घरातली स्मार्ट वायफाय उपकरणं बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. वायरलेस बेल, अलार्मचे दारावरचे चुंबकी सेन्सर, चार बटणांचे रिमोट, रिमोटवरचे रिले बोर्ड (निरोपावर वीज चालू-बंद करणारे स्विच) ही मंडळी बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर असतात. ४३३ ते ४३४ हा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या घरगुती उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. वारंवारता कमी असल्यामुळे, अँटेना सारख्याच धरल्या तर, तेवढ्याच अंतरात याच्या सिग्नलची घट २.४ गिगाहर्ट्झपेक्षा साधारण १५ डेसिबलनं कमी होते. जाड भिंतींच्या घरात हा फरक रोज जाणवतो.

पण रिमोट म्हटला की तो आरएफच, असं नाही. पंख्याचे आणि एसीचे बरेच रिमोट इन्फ्रारेडचे असतात. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा समोर धरून बटण दाबा. रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका चमकला तर तो इन्फ्रारेड, या लेखाचा त्याला उपयोग नाही.

आरएफ असल्याची खात्री झाली की रिमोटच्या पाठीचे स्क्रू काढा. आत शर्टाच्या बटणापेक्षा लहान अशी चकचकीत धातूची गोल टोपी दिसेल. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘आर ४३३’ असं काहीतरी छापलेलं असतं. ‘आर ३१५’ असेल तर तो रिमोट ३१५ मेगाहर्ट्झचा, आणि ४३३ च्या रिसीव्हरला तो ऐकू यायचा नाही. खरेदीच्या वेळीच हे विचारून घ्या. दिसायला दोन्ही अगदी सारखे असतात.

मग चिप बघा. ईव्ही१५२७ असेल तर काम सोपं. कारखान्यातून निघतानाच तिच्यात २० बिटांची स्वतःची ओळख भरलेली असते, म्हणजे दहा लाखांहून जास्त वेगवेगळ्या ओळखी शक्य आहेत. जुन्या पीटी२२६२ मध्ये ओळख ठरते ती मागच्या बाजूच्या पिनांवर डाखाचे ठिपके देऊन. त्यामुळे एकाच गल्लीत दोन घरांच्या बेलचा आकडा एकच निघणं अजिबात अशक्य नाही. तिसरा प्रकार एचसीएस३०१ सारख्या चिपचा. गाडीची चावी आणि चांगल्या प्रतीचे गेट-शटरचे रिमोट यात मोडतात. प्रत्येक दाबाला त्यांचा आकडा बदलतो, त्याला रोलिंग कोड म्हणतात. ते हबला जोडता येत नाहीत, आणि येत नाहीत हेच चांगलं, कारण त्यांची सुरक्षितता तेवढ्यावरच उभी आहे.

सामान

एक ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम भरता येणारा, वायफाय असलेला छोटा बोर्ड), एक ४३३ चा रिसीव्हर, यूएसबी केबल, मोबाईलचा चांगला चार्जर आणि वीतभर तार. सिग्नल पाठवायचाही असेल तर एक ट्रान्समीटर. हब म्हणून मी होम असिस्टंट वापरतो, ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतं. बोलणाऱ्या स्पीकरांना ४३३ थेट ऐकू येत नाही, त्यामुळे मधे हा पूल बांधावा लागतो. ब्रॉडलिंकच्या आरएमफोर प्रोसारखा तयार डबाही मिळतो. तो ठरावीक कोड शिकून परत पाठवतो. तुम्हाला फक्त पाठवायचंच असेल, तर तो घ्या आणि पुढची सोल्डरिंग वाचवा. सेन्सरचं सतत ऐकत राहायचं असेल, तर मात्र आपला रिसीव्हर हवा.

पैसे वाचवू नयेत अशी एकच जागा आहे, ती म्हणजे रिसीव्हर. ट्रान्समीटरबरोबर जोडीनं मिळणारा, तांब्याची गुंडाळी आणि मधे फिरवायचा स्क्रू असलेला हिरवा रिसीव्हर सुपररिजनरेटिव्ह जातीचा असतो. तो चालतो, पण हवेतला सगळा कचराही गोळा करतो. मी पहिले दोन महिने तोच वापरला. पुढचं दार उघडल्याचे दहातले दोन-तीन निरोप तरी गळायचे, आणि मी सेन्सरला दोष देत बसलो होतो. नंतर सुपरहेटरोडाइन रिसीव्हर आणला. आरएक्सबी६ किंवा एसआरएक्स८८२ या नावांनी ते मिळतात, आणि त्यांच्यावर स्फटिकाची लांबट धातूची डबी दिसते. त्याच जागी, त्याच सेन्सरचे निरोप गळायचे थांबले. दोघांच्या किमतीत फरक तेव्हा शे-दीडशे रुपयांचा होता. ईएसपी३२ मला शाहूपुरीत मिळाला, हा रिसीव्हर मात्र ऑनलाइन मागवावा लागला.

जोडणी

रिसीव्हरच्या तीन पिना महत्त्वाच्या आहेत: वीज, ग्राउंड आणि डेटा; एसआरएक्स८८२ वर मात्र सीएस नावाची चौथी पिन असते, ती विजेच्या पिनेला जोडावी लागते. ग्राउंड ईएसपी३२ च्या ग्राउंडला. रिसीव्हर ३.३ व्होल्टवर चालणारा असेल तर वीज ३.३ च्या पिनेला आणि डेटा सरळ बोर्डाला. रिसीव्हर ५ व्होल्टचाच असेल तर जरा थांबा. त्याच्या डेटा पिनेवरही ५ व्होल्ट येतात आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ च्या आहेत. मधे दोन रेझिस्टर घाला: डेटापासून ईएसपीच्या पिनेपर्यंत १० किलोओहम, आणि त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत २० किलोओहम. २० च्या जागी १० चे दोन एकापुढे एक जोडले तरी झालं. पाचाचे बरोबर ३.३ होतात.

डेटा पिन मी २७ क्रमांकाला जोडली आणि ट्रान्समीटरची डेटा १२ ला. आपण जे फर्मवेअर (बोर्डात भरायचा प्रोग्राम) चढवणार आहोत त्याची नेहमीची ठेवण हीच आहे, तरी इन्स्टॉल करायच्या पानावर तुमच्या आवृत्तीच्या पिना एकदा पडताळा. १२ क्रमांकाची पिन जरा नाजूक आहे. बोर्ड चालू होताना ती वर खेचलेली, म्हणजे ३.३ व्होल्टवर, असेल तर बोर्ड सुरूच होत नाही. असं झालं तर ती तार काढून बोर्ड चालू करून बघा. मग कारण लगेच कळेल.

अँटेना विसरू नका. मॉड्यूलवर अँटेनाचं एक छोटं भोक असतं, बहुतेक वेळा ते रिकामंच येतं. त्यात १७.३ सेंटिमीटर लांबीची एकेरी तांब्याची तार सोल्डर करा. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, त्याचा हा चौथा हिस्सा. जुन्या लॅन केबलमधली एक तार सोलली तरी पुरते. ती सरळ आणि उभी ठेवा. गुंडाळून डब्यात कोंबलेली अँटेना बराच पल्ला खाते.

फर्मवेअर चढवणं

ओपनएमक्यूटीटीगेटवे हे मोफत फर्मवेअर या कामाला उत्तम आहे, आणि ते ब्राउझरमधूनच चढवता येतं. क्रोम किंवा एज घ्या. बोर्ड संगणकाला जोडा, प्रकल्पाच्या वेब इन्स्टॉलच्या पानावर ईएसपी३२ साठीची आरएफ आवृत्ती निवडा आणि इन्स्टॉल दाबा. यादीत बोर्डच दिसत नसेल तर दहातल्या नऊ वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, डेटाची नसते. केबल बदलूनही दिसत नसेल तर सीएच३४० किंवा सीपी२१०२ चा ड्रायव्हर टाका. जोडणी सुरू होताना अडकत असेल तर बोर्डावरचं बूट बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा.

दरम्यान होम असिस्टंटमध्ये मॉस्किटो ब्रोकर टाकून घ्या. एमक्यूटीटी म्हणजे घरातलं टपाल समजा. बोर्ड एका विषयाखाली निरोप टाकतो, ब्रोकर तो ज्यांना हवा त्यांच्याकडे पोचवतो. या टपालासाठी होम असिस्टंटमध्ये एक वेगळा वापरकर्ता तयार करा. स्वतःचं मुख्य खातं बोर्डात भरू नका.

पहिल्यांदा चालू झाला की बोर्ड स्वतःचं वायफाय उघडतो. मोबाईलनं त्याला जोडा. पान आपोआप उघडलं नाही तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाका. घरच्या वायफायचं नाव, पासवर्ड, होम असिस्टंटचा आयपी पत्ता, पोर्ट १८८३ आणि मघाचा वापरकर्ता भरा. ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं. राउटरमध्ये होम असिस्टंटचा पत्ता कायमचा बांधून ठेवा. नाहीतर एखाद्या रात्री वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि बोर्ड जुन्याच दारावर टपाल टाकत बसतो.

आकडे वाचायला शिका

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच. होम असिस्टंटच्या एमक्यूटीटी जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘विषय ऐका’ अशी सोय आहे. तिथे होम, पुढे तिरकी रेघ आणि हॅश असा विषय टाका, ऐकणं सुरू करा आणि रिमोटचं बटण दाबा. निरोप येतो. त्यात व्हॅल्यू, प्रोटोकॉल, लेंग्थ आणि डिले असे रकाने असतात. लेंग्थ २४ आणि प्रोटोकॉल १ असेल तर समजा नेहमीचंच उपकरण आहे. डिले म्हणजे एका स्पंदाची लांबी, बहुधा साडेतीनशे मायक्रोसेकंदांच्या आसपास.

खरा मजकूर व्हॅल्यूमध्ये. चार बटणांच्या एका रिमोटचे आकडे समजा असे आले: ५९१३६१७, ५९१३६१८, ५९१३६२०, ५९१३६२४. प्रत्येकाला १६ नं भागा. भागाकार दर वेळी ३६९६०१, आणि बाकी १, २, ४, ८. भागाकार ही रिमोटची २० बिटांची ओळख, बाकी म्हणजे बटण. चोवीस बिटांचं हे गुपित एकदा कळलं की कुठलाही आकडा बघितला की तो कुणाचा आणि काय सांगतोय हे उमगायला लागतं.

दारावरच्या सेन्सरचंही असंच. माझ्याकडचा सेन्सर दार उघडलं की बाकी १४, मिटलं की ७, त्याचं झाकण कुणी काढलं तर ११ आणि बॅटरी संपत आली की १५ पाठवतो. सगळे सेन्सर एवढे बोलके नसतात. फार स्वस्तातला सेन्सर फक्त उघडल्याचं सांगतो, मिटल्याचं सांगतच नाही. असा सेन्सर घेतला तर दार आत्ता उघडं आहे की बंद, हे हबला कधीच कळणार नाही. घेण्याआधी हे विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर एकच नग आणा, दार उघडून-मिटून आकडे बघा, मग बाकीचे घ्या.

प्रत्येक बटण तीन-तीनदा दाबा. दर वेळी तोच आकडा आला तर कोड कायमचा आहे. दर वेळी वेगळा आला, किंवा काहीच उमटलं नाही, तर तो रोलिंग कोड असू शकतो. आणि तुम्ही काही दाबलेलंच नसताना आकडे यायला लागले तर दचकू नका. शेजारच्या घरची बेल, समोरच्या दुकानाचा अलार्म तुम्हाला ऐकू येतोय एवढंच. ते आकडे बाजूला ठेवा. ते आपले नाहीत, ते परत पाठवायचे तर मुळीच नाहीत.

निरोपाचं काम बनवणं

होम असिस्टंटच्या ऑटोमेशनमध्ये (‘हे घडलं की ते कर’ असा नियम) ट्रिगर, म्हणजे सुरुवातीचं कारण, म्हणून एमक्यूटीटी निवडा आणि मघाशी ज्या विषयाखाली निरोप आला तो पूर्ण विषय टाका. व्हॅल्यू टेम्प्लेटमध्ये निरोपातला फक्त व्हॅल्यू हा रकाना वेगळा काढा आणि पेलोडमध्ये आपला आकडा लिहा. आईच्या बटणासाठी एवढंच पुरलं. पुढची कृती म्हणजे दिवा लावणं आणि फोनवर तातडीची सूचना पाठवणं. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिच्या खोलीत हबवरून चालणारा एक छोटा दिवा ठेवला. निरोप हबपर्यंत पोचला तरच तो दहा सेकंद लागतो. आता तिला कळतं. नाही लागला तर ती परत दाबते. बटण ऐकत नाही, पण माणसाला तरी पोच मिळावी.

दारासाठी एक टॉगल हेल्पर, म्हणजे होम असिस्टंटमधला आभासी स्विच, बनवा. ज्याची बाकी १४ तो आकडा आला की चालू, ज्याची ७ तो आला की बंद. हालचाल टिपणारे सेन्सर ‘हालचाल थांबली’ असं सांगत नाहीत. तिथे ऑटोमेशनचा मोड रीस्टार्ट ठेवा: निरोप आला की हेल्पर चालू, दोन मिनिटं थांबा, मग बंद. मधे नवा निरोप आला की दोन मिनिटं नव्यानं मोजली जातात.

एका दाबात रिमोट तोच आकडा अनेकदा फेकतो. फर्मवेअर काही सेकंदांतले जुळे निरोप गाळतं, पण बटण दाबून धरलं तर दुसरा निरोप निसटतोच. म्हणून एकाच बटणानं चालू-बंद करायच्या ऑटोमेशनला सिंगल मोड द्या आणि शेवटी दोन-तीन सेकंदांचा थांबा घाला. नाहीतर दिवा लागतो आणि लगेच विझतो.

पाठवणं, आणि माझी भरून वाहिलेली टाकी

रिमोटच्या रिले बोर्डावर एक लर्न बटण असतं. ते दाबायचं आणि मग ट्रान्समीटरवरून आकडा पाठवायचा, बोर्ड तो लक्षात ठेवतो. आकडा पाठवण्यासाठी होम असिस्टंटमधून फर्मवेअरच्या कमांडच्या विषयावर तो व्हॅल्यू टाकायचा. रिले बोर्डाच्या तीन चाली असतात. मोमेंटरीत बटण दाबलेलं असेपर्यंतच चालू, टॉगलमध्ये एकाच आकड्यानं चालू-बंद, आणि लॅचमध्ये चालूचा आकडा वेगळा, बंदचा वेगळा. नेहमी लॅच निवडा. टॉगलमध्ये एक निरोप हुकला की पुढचं सगळं उलटं होतं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी गच्चीवरच्या टाकीची मोटर अशीच जोडली. रिलेवर मोटरचा भार टाकला नव्हता, मधे कॉन्टॅक्टर (मोटरचा भार सोसणारा मोठा स्विच) होता, वायरिंग इलेक्ट्रिशियननं केली होती. तिथे काही चूक नव्हती. पाणी आलं की हब चालूचा आकडा पाठवायचा, वीस मिनिटांनी बंदचा. महिनाभर नीट चाललं. एका सकाळी बंदचा आकडा पोचला नाही. हबच्या पडद्यावर मोटर ‘बंद’ दिसत होती, कारण हबनं आकडा पाठवला होता आणि त्याला तेवढंच माहीत होतं. मी निर्धास्त अंघोळीला गेलो. तासाभरानं शेजारच्या काकूंनी हाक मारली तेव्हा टाकीचं पाणी गल्लीतून वाहत होतं. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा लोक नळाची वाट बघत बसलेले असतात. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा नियम: ज्या गोष्टी चुकून चालूच राहिल्या तर पाणी, वीज किंवा माणूस धोक्यात येतो, त्या एकेरी आरएफवर ठेवायच्या नाहीत. मोटर, गीझर, इस्त्री, गॅसचा व्हॉल्व्ह यातलं काहीच नाही. मोटरला मी आता वायफायचा, स्वतःची स्थिती परत कळवणारा स्विच लावलाय, आणि टाकीत फ्लोट आहेच, तो हबला न विचारता मोटर बंद करतो. आरएफ रिले राहिलाय फक्त देवघरातल्या माळेसाठी आणि गणपतीच्या आराशीसाठी. तिथेही बंदचा आकडा मी अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं तीनदा पाठवतो. लॅच असल्यामुळे तीनदा गेल्यानं काही बिघडत नाही.

ट्रान्समीटरला ५ व्होल्ट पुरेत. काही मॉड्यूल १२ व्होल्टही सोसतात आणि लांब जातात, पण घरात त्याची गरज नाही, आणि हा पट्टा खुला आहे तो कमी शक्तीसाठीच.

पल्ला आणि गोंगाट

रिसीव्हर राउटरला किंवा रास्पबेरी पायला चिकटवून ठेवू नका, निदान तीन-चार फूट लांब ठेवा. स्वस्त चार्जर आणि स्वस्त एलईडी बल्बांचे ड्रायव्हर भरपूर गोंगाट करतात. निरोप ठरावीक वेळीच गळत असतील तर तेव्हा घरात काय चालू असतं ते बघा. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतरच दार हुकायचं. शोधता शोधता व्हरांड्यातला एक बल्ब निघाला. तो बदलला आणि त्रास संपला. उद्यमनगरात एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये मोटरच्या ड्राइव्हमुळे दिवसा काहीच ऐकू येत नव्हतं. तिथे रिसीव्हर ऑफिसच्या बाजूला, उंचावर हलवला आणि ड्राइव्हपासून दूर नेला, तेव्हा जमलं.

रिसीव्हर घराच्या मधोमध, जिन्याजवळ, डोक्याच्या वर. लोखंडी कपाट आणि पत्र्याचं शटर यांच्या मागे नको. एवढं केलं तर तीन मजल्यांच्या घराला एक रिसीव्हर पुरतो.

पावसाळ्यासाठी एक जोडणी

२०१९ आणि २०२१ चा पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ते आकडे आपण सगळेच तोंडपाठ सांगतो. पण नदीचा आकडा म्हणजे आपल्या तळघराचा आकडा नव्हे. जयंती नाल्याजवळच्या एका ओळखीच्यांच्या दुकानात खाली माल असतो, तिथे मी पाण्याचे दोन आरएफ सेन्सर बसवले. पाण्यानं दोन टोकं जोडली गेली की सेन्सर निरोप पाठवतो. एक फरशीवर ठेवला, दुसरा त्याच्या वर फूटभर उंचीवर भिंतीला लावला. पहिला बोलला की पाणी आत आलंय, दुसरा बोलला की वाढतंय. दोघांच्या वेळांतलं अंतर बघून माल हलवायला किती वेळ हातात आहे याचा अंदाज येतो.

यात दोन गोष्टी सांभाळा. सेन्सर एकदाच बोलतो, आणि नेमक्या त्या वेळी लाइट गेलेली असेल तर ऐकायला कोणी नसतं. तो निरोप कुठे साठत नाही. म्हणून राउटर, हब आणि ईएसपी३२ हे तिन्ही छोट्या यूपीएसवर हवेत, एकही सुटून चालणार नाही. आणि बॅटरी जूनच्या आधी बदला. बॅटरी उतरली की सेन्सर लगेच मरत नाही, त्याचा पल्ला हळूहळू आखडतो, आणि ते कळतं नेमकं गरजेच्या वेळी.

कुलपासाठी नाही

कायमचा कोड कोणीही ऐकू शकतो आणि जसाच्या तसा परत पाठवू शकतो. तुम्ही आत्ता तेच करायला शिकलात. म्हणून दाराचं कुलूप, गेट, दुकानाचं शटर, अलार्म बंद करायचं बटण यांपैकी काहीही या आकड्यांवर ठेवू नका. गुजरीतल्या किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात जुना अलार्म असेल, तर त्याचे दारावरचे सेन्सर हबला जोडून ‘दार उघडलं’ एवढं फोनवर कळवणं छानच आहे. पण राखणीसाठी त्यावर विसंबू नका. कोणी मुद्दाम रेडिओचा गोंगाट सोडून सेन्सरचे निरोप दाबून टाकले तर हबला शांतताच ऐकू येते, आणि हबच्या लेखी शांतता म्हणजे सगळं ठीक.

त्या शांततेवर थोडा इलाज आहे. प्रत्येक सेन्सरचा निरोप आला की तारीख-वेळ एका डेट-टाइम हेल्परमध्ये लिहून ठेवा. मग रोज रात्री नऊला एक ऑटोमेशन तपासू द्या: पुढचं दार चोवीस तासांत एकदाही बोललं नाही? कोल्हापुरातलं चालतं-बोलतं घर असेल तर असं होत नाही. मग फोनवर सूचना येऊ द्या, म्हणजे बॅटरी बघायची. क्वचित उघडणाऱ्या माळ्याच्या दाराला आणि पाण्याच्या सेन्सरला ही युक्ती लागू पडत नाही. ते मी दर संकष्टीला हातानं तपासतो. दार एकदा उघडतो, ओल्या कापडानं पाण्याच्या सेन्सरची टोकं जोडतो, फोन वाजला की पुढच्याकडे जातो. सगळ्या घराला दहा मिनिटं लागतात.

आणि एक वही ठेवा. सेन्सर कुठला, आकडा काय, कुठल्या बाकीचा अर्थ काय, बॅटरी कुठल्या नंबरची आणि कधी बदलली. २३ए आणि २७ए दोन्ही बारा व्होल्टच्याच असतात, पण जाडीत फरक असतो, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आमची वही मीटरच्या बोर्डाशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. मी घरी नसताना आईचं बटण बंद पडलं, तर भावाला त्यात बघून बॅटरी आणता येते.